बिहू आटोपून आलुव्याला

दिब्रुगढ सुटून अर्धा तास झाला तरी डब्यातलं सामान अजून जागेवर बसलेलं नाही. बाकांखाली पोती, पोत्यांवर बॅगा, बॅगांवर चपला. दोन बाकांच्या मधोमध प्लास्टिकची एक निळी बादली आहे. झाकणाऐवजी तिच्या तोंडाला पांढरा गामोसा ताणून बांधलाय. त्याच्या काठाची लाल वेलबुट्टी नवीकोरी दिसते. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या बादलीला अडखळतो आणि बादलीचा मालक, जेमतेम विशीतला पोरगा, दर वेळी तिच्यावर हात ठेवून सांगतो, "लारु है दादा, लारु." आईनं दिलेले नारळाचे लाडू आणि तिळाचा पिठा. वाटेत खायचे, उरतील ते कारखान्यातल्या पोरांना वाटायचे.

बोहाग बिहू आटोपला की वरच्या आसामातली पोरं अशी दक्षिणेकडे निघतात. एप्रिलच्या मध्यावर सण घरी करायचा आणि महिना संपायच्या आत कामावर हजर व्हायचं, असा शिरस्ताच पडलाय. गाडी विवेक एक्सप्रेस. विवेकानंदांच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्तानं या नावाच्या काही गाड्या जाहीर झाल्या, त्यांतली ही 2011च्या नोव्हेंबरात धावू लागली. दिब्रुगढ ते कन्याकुमारी, चार हजारांहून जास्त किलोमीटर, नऊ राज्यं. एका गाडीचा देशात याहून लांब पल्ला नाही. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र मात्र येत नाही. आपल्याकडे कुणाला सांगितलं तर पटकन 'वा, भारतदर्शन!' म्हणेल. इथे दर्शनाला निघालेला मी एकटाच दिसतो. बाकी सगळ्यांना कुठे ना कुठे वेळेवर पोचायचंय.

समोरच्या खालच्या बाकावर एक मल्याळी गृहस्थ आहेत. निमलष्करी दलातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता दिब्रुगढजवळ एका गोदामावर सुरक्षेचं काम बघतात. काळी पत्र्याची ट्रंक साखळीनं बाकाच्या पायाला बांधून, किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवून ते निवांत बसलेत. कोट्टयमला उतरणार. सुटी वेळेत मिळाली नाही म्हणून विशू चुकला, ही त्यांची मोठी खंत. त्यावरून विषय निघतो आणि हिशेब करता करता लक्षात येतं, की या गाडीच्या वाटेवर जवळपास सगळीकडे नवं वर्ष एकाच आठवड्यात येऊन गेलंय. आसामात बोहाग बिहू, बंगालात पोयला बैशाख, ओडिशात पणा संक्रांती, तमिळनाडूत पुत्तांडु, केरळात विशू. सूर्य मेष राशीत गेला की यांचं वर्ष पालटतं. एकटा आंध्र आपल्या पंगतीतला. त्यांचा उगादी चंद्राच्या हिशेबानं आपल्या पाडव्याच्याच दिवशी. हवालदार शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "इसीलिए प्रॉब्लेम है. सब को छुट्टी एक ही टाइम पे चाहिए."

मरियानीला एक म्हातारं जोडपं चढतं. नवऱ्याच्या काखेत एक्स-रेची मोठी पिवळी पाकिटं, बायकोच्या हातात कापडी पिशवी. वेल्लोरला निघालेत. तिकीट एक वरचं आणि एक मधलं. आजींना वर चढवणं शक्यच नाही, तेव्हा मी आणि हवालदार आपापले बाक सोडतो. यात कुणी कुणाला विचारतही नाही. बादलीवाला पोरगा आजींना 'आइता' म्हणून हाक मारतो, मग सगळ्याच कंपार्टमेंटच्या त्या आइता होतात.

आइता बसल्या बसल्या पिशवी उघडतात. आत सालीसकट ओल्या सुपाऱ्या, केळीच्या पानात गुंडाळलेली विड्याची पानं, चुन्याची डबी आणि एक छोटी सुरी. सुपारी डाव्या हाताच्या मुठीत धरून त्या सुरीनं साल सोलतात, तंतू एका बाजूला ठेवतात, आतला ओला गर मधोमध चिरतात, पुन्हा चिरतात. पानाला अंगठ्यानं चुना फासून एक फोड त्यावर ठेवून माझ्यापुढे करतात. "तामुल खाबो नेकी?" नाही म्हणायची सोय नसते, आसामात घरी आलेल्याला पहिलं हेच पुढे होतं. आपल्याकडच्या वाळक्या सुपारीची सवय असलेल्याला हा ऐवज झेपत नाही. दोन मिनिटांत माझ्या कानशिलांतून वाफा निघू लागतात, कपाळाला घाम येतो. आइता तोंडाला पदर लावून हसतात. आजोबांना कित्येक महिन्यांत त्या अशा हसलेल्या दिसल्या नसाव्यात, कारण ते खिडकीतलं तोंड वळवून त्यांच्याकडे बघत राहतात.

मध्यरात्री दिमापूर येतं. पाठीवर हिरव्या किटबॅगा घेतलेले जवान उतरतात, तितकेच चढतात. आमच्या गाडीला नागालँड एवढंच भेटतं, एका थांब्यापुरतं.

सकाळी गुवाहाटीत डबा गच्च भरतो. पुढे ब्रह्मपुत्र ओलांडताना बोलणी आपोआप थांबतात. वर मोटारींचा रस्ता, खाली आमचे रूळ, आणि त्याखाली राखाडी पाण्याचा तो प्रचंड पसारा. वाळूच्या बेटांमधून वाट काढत निघालेल्या होड्या वरून काडेपेट्यांएवढ्या दिसतात. 1962पर्यंत या नदावर एकही पूल नव्हता. आमीनगावला गाडीतून उतरायचं, बोटीनं पैलतीरी पांडूला जायचं आणि पुढची गाडी धरायची, अशी रीत होती. आजोबांना ती बोट आठवते. वडिलांच्या खांद्यावर बसून आपण ती ओलांडली, असं ते सांगतात आणि हातानं वडिलांची उंची दाखवतात.

पोरगा आता खुलतो. त्याच्यासोबत त्याच्याच मळ्यातला एक मित्र आहे, तो पहिल्यांदाच निघालाय आणि कालपासून चार शब्दांपलीकडे बोललेला नाही. दोघं दिब्रुगढ जिल्ह्यातल्या चहामळ्यातले. बादलीवाल्याची ही दुसरी खेप. केरळातल्या पेरुम्बावूरच्या प्लायवुड कारखान्यात तो व्हिनियरचे पत्रे वेगळे करतो. रबराच्या झाडाचा चीक आटला की त्याचं खोड कारखान्यात येतं, यंत्रावर फिरवून त्याची लांबलचक पातळ साल काढतात, ती वाळवायची, चांगली-फुटकी निवडायची, मग गोंद लावून दाबयंत्रात. तो मला उजव्या हाताची बोटं दाखवतो. पेरांवर बारीक बारीक आडव्या चिरा आहेत. व्हिनियरची कड पात्यासारखी लागते. हातमोजे मिळतात का? मिळतात, पण मोजे घातले की पत्रे पटापट सुटत नाहीत, आणि हिशेब नगावर असतो.

आसामचा पोरगा एवढ्या लांब केरळात, तेही प्लायवुडच्याच कारखान्यात कसा पोचला, याचं उत्तर त्याच्या मामाकडे आहे. वरच्या आसामात, तिनसुकिया-मार्घेरिटाच्या बाजूला, एके काळी प्लायवुडचे कारखाने जोरात होते. जंगलतोडीच्या गाजलेल्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 12 डिसेंबर 1996ला आदेश दिला. अरुणाचलच्या तिरप आणि चांगलांगमधल्या, आणि तिथल्या सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आत आसामात असलेल्या लाकूडगिरण्या, व्हिनियर आणि प्लायवुडचे कारखाने बंद झाले. जंगलासाठी ते हवंच होतं. पण यंत्रं बंद पडली तरी यंत्रावरचे हात होतेच. पेरुम्बावूरला त्याच सुमारास रबराच्या लाकडावर हा धंदा वाढत होता आणि त्याला नेमके असे हात हवे होते. मामा गेला, मग मामाचा शेजारी, मग शेजाऱ्याचा मेहुणा. आता भाचा निघालाय. नकाशावर अगम्य वाटणारे असे रस्ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी मामानं पाडलेले असतात.

बाकी सगळं दोन आकड्यांत येतं. ऑक्टोबर 2023मध्ये ब्रह्मपुत्र खोऱ्यातल्या चहामजुराची रोजची मजुरी वाढून 250 रुपये झाली. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीप्रमाणे केरळच्या ग्रामीण भागात बांधकाम मजुराला 2022-23मध्ये दिवसाला सरासरी साडेआठशे रुपयांच्या वर मिळत होते. देशाची सरासरी चारशेच्याही आत होती. मळ्यात रेशन आणि खोली मिळते, ती जमेला धरली तरी ही तफावत बुजत नाही. एवढ्या फरकासाठी माणूस तीन रात्री गाडीत काढायला आनंदानं तयार होतो.

दुपारनंतर गाडी बंगालच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यातून जाते, ज्याला सगळे 'चिकन नेक' म्हणतात. एका अंगाला नेपाळ, दुसऱ्या अंगाला बांगलादेश, आणि मधली जमीन सगळ्यात अरुंद जागी वीस-बावीस किलोमीटर. उरलेल्या देशापासून ईशान्येकडे जाणारे झाडून सगळे रूळ इथूनच जातात. खिडकीतून यातलं काहीच कळत नाही. चहाचे मळे, बांबू, तळी, सायकलवरून शाळेतून येणाऱ्या मुली. न्यू जलपाईगुडीला झालमुडीवाला चढतो. गळ्यात पत्र्याचा डबा, भोवती टाचून बसवलेल्या छोट्या बरण्या. मुरमुरे, कांदा, मिरची, उकडलेला बटाटा, मोड आलेले हरभरे मोठ्या मगात घेऊन तो वर सरसूच्या तेलाची धार सोडतो आणि चमच्यानं मगाच्या कडेवर असा ठेका धरतो, की झोपलेले उठून पैसे काढतात. कागदाच्या पुडीवर ओल्या खोबऱ्याचा एक लांब काप खोचून देतो. आपली भेळ आणि ही सख्ख्या बहिणी, हे मी हवालदारांना पटवून देऊ बघतो. त्यांना दोन्ही आवडत नाहीत. "खाली पेट का टाइमपास," म्हणतात.

किशनगंजला बिहार येतो आणि जातो. मालद्याच्या अलीकडे आकाश एकाएकी काळं होतं. कालबैशाखी! धूळ आधी, मग गार वारा, मग टपोरे थेंब. "जानला बंद कोरो," असा एकच गिल्ला होतो आणि सगळ्या डब्यात धडाधड खिडक्या पडतात. एक अडकते, पहिल्यांदा निघालेला तो अबोल पोरगा उठतो आणि दोन्ही हातांनी लोंबकळून ती खाली ओढतो. सगळे त्याला शाबासकी देतात. तो लाजतो आणि प्रथमच लाडवाची बादली स्वतः उघडून सगळ्यांना एकेक लाडू देतो. वादळ अर्ध्या तासात निघून जातं. बाहेर आमराईत पोरं भिजत भिजत पडलेल्या कैऱ्या गोळा करताना दिसतात.

मालद्याला गवंडी चढतात. थापी-ओळंब्याच्या पिशव्या घेतलेले सातआठ जण, काहींची तिकिटं प्रतीक्षा यादीत अडकलेली. जागेवरून थोडी कुरबुर होते, मग नेहमीप्रमाणे सगळे सरकतात. दोघे दारापाशी चादर अंथरतात. रात्री फराक्का येतं. गंगेवरचं हे धरण 1975मध्ये सुरू झालं, दोन किलोमीटरांहून लांब. वरून गाडी हळूहळू जाते आणि दारांतून सुटणाऱ्या पाण्याचा घोष डब्यात भरून राहतो. गवंड्यांतला एक वयस्क हात जोडतो, त्याच्या शेजारचा तरुण मोबाइलवर घरी सांगतो, की फराक्का आलं. मालदा-मुर्शिदाबादच्या माणसाचं घर इथे खऱ्या अर्थानं मागे पडतं.

फराक्क्यानंतर पाकुड. काळ्या खडीसाठी प्रसिद्ध असलेलं झारखंडचं हे स्टेशन झोपेतच निघून जातं. संध्याकाळी मी पोराला विचारलेलं असतं, तुझं मूळ गाव कुठलं? तो मळ्याचं नाव सांगतो. त्याआधीचं? "आजा बोलता था, राँची के तरफ." घरात ते सादरी बोलतात. एकोणिसाव्या शतकात आसामचे मळे लावले गेले तेव्हा मजूर आणले ते छोटा नागपूरच्या पठारावरून, ओडिशातून, तेलुगू मुलखातून. कराराच्या कागदावर अंगठा घेऊन, आगगाडीनं आणि आगबोटीनं. बहुतेक कधी परतले नाहीत. आता त्यांच्यापैकी कुणाचा तरी पणतू त्याच मुलखातून, पणजोबाच्या उलट्या दिशेनं, तसाच मजुरीसाठी चाललाय. फरक इतकाच की याच्या खिशात परतीचं तिकीट काढण्याइतके पैसे दुर्गापूजेपर्यंत जमतील. पाकुडच्या फलाटावरचे दिवे त्याच्या तोंडावरून सरकतात. मी त्याला उठवत नाही. उठवून काय सांगणार?

उजाडता उजाडता ओडिशा लागतो. बालेश्वरजवळचं बाहानगा बाजार स्टेशन आम्ही वेग न बदलता ओलांडतो. 2 जून 2023ला इथे तीन गाड्यांचा अपघात झाला आणि पावणेतीनशेंहून अधिक माणसं गेली. त्यांतली कितीतरी अशीच दक्षिणेत कामाला निघालेली किंवा कामावरून परतणारी. डब्यात जागे असलेले सगळे गवंडी खिडकीशी गोळा होतात. कुणी काही बोलत नाही. स्टेशन मागे पडल्यावर एक जण विडी शोधायला लागतो आणि मग गाडीत ओढायची नाही हे आठवून ती परत खिशात टाकतो.

कटकला महानदी, मग भुवनेश्वर, खुर्दा रोड. स्टेशनांच्या पाट्यांवरची अक्षरं इथे गोल होतात, ती आता पार तमिळनाडू येईपर्यंत गोलच राहतील. खुर्द्यानंतर डाव्या हाताला चिलिका सरोवर दिसायला लागतं आणि बराच वेळ सोबत करतं. 1981मध्ये रामसर यादीत गेलेल्या भारतातल्या पहिल्या दोन पाणथळींतलं हे एक, दुसरी भरतपूरची. हिवाळ्यातले पाहुणे पक्षी केव्हाच उत्तरेकडे गेलेत. उथळ पाण्यात बांबू रोवून केलेले माशांचे सापळे आणि त्यांच्यामधून सरकणाऱ्या अरुंद होड्या तेवढ्या दिसतात. आइतांना ते पाणी फार आवडतं. त्यांना वाटतं हाच समुद्र. आजोबा त्यांची चूक दुरुस्त करायला जातात आणि हवालदार त्यांना डोळ्यांनी गप्प करतात.

ब्रह्मपूरला एक ओडिया कुटुंब उतरतं. या गंजाम जिल्ह्यातले लोक आपल्या डब्यात का दिसत नाहीत, असं मी विचारतो. उतरणारा गृहस्थ हसून सांगतो, "हम लोगों का लाइन अलग है. सूरत." यंत्रमागांसाठी गंजामची माणसं पिढ्यानपिढ्या सुरतेला जातात. प्रत्येक जिल्ह्याची अशी एक ठरलेली गाडी असते, आणि शेजारच्या जिल्ह्याला तिचा पत्ताही नसतो.

आंध्रातलं ऊन काही वेगळंच. पंखे गरम वारा खाली ढकलतात. विशाखापट्टणमला गाडीचं तोंड फिरतं, इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि इतका वेळ पुढे बघत बसलेले आम्ही मागे बघत जायला लागतो. मज्जिगाच्या, म्हणजे मसाला ताकाच्या, थंड पिशव्या विकणारा माणूस येतो आणि आमचं कंपार्टमेंट त्याची अर्धी टोपली रिकामी करतं. पुढे तो गेला तरी त्याची "मज्जिगा, मज्जिगा" डब्याच्या टोकापर्यंत ऐकू येते.

याच दुपारी हवालदारांची शिकवणी सुरू होते. बादलीवाल्याच्या मोबाइलमध्ये आसामी लिपीत लिहिलेली एक यादी आहे, मल्याळम शब्दांची. केरळच्या साक्षरता मिशननं पेरुम्बावूरला बाहेरून आलेल्या कामगारांसाठी 'चंगाती' नावाचे वर्ग सुरू केले, त्यांचं 'हमारी मलयालम' हे पुस्तक त्याच्या मामेभावाकडे होतं, त्यावरून यानं उतरवून घेतलंय. पणि म्हणजे काम. एत्र, किती. वेळ्ळम, पाणी. नाळे, उद्या. मुकादमाला चेट्टा म्हणायचं, थोरला भाऊ. अबोल मित्रालाही आता हे शिकायचंय, पण 'ळ' त्याच्या जिभेवर बसत नाही. 'नाळे'चं 'नाले' होतं. हवालदार पाचसहा वेळा म्हणून दाखवतात, पोरगा पुन्हा नाले. मग ते माझ्याकडे वळतात. मी म्हणतो, "नाळे. वेळ्ळम." हवालदार चाटच पडतात. उत्तरेत तीस वर्षं काढली, त्यांच्या हिंदीवाल्या साहेबांना हे जमलं नाही, आणि हा कोण पहिल्या झटक्यात बोलतो? मी सांगतो, आमच्याकडे फळ आणि केळं याशिवाय दिवस जात नाही. तेव्हापासून माझी नेमणूक साहाय्यक शिक्षक म्हणून होते. राजमहेंद्रीपर्यंत पोराचा 'ळ' बऱ्यापैकी वळायला लागतो.

गंमत अशी, की या सगळ्या कंपार्टमेंटमध्ये हिंदी कुणाच्याच घरची नाही. आसामी, सादरी, बंगाली, मल्याळम, मराठी. तरी तीन दिवस सगळा कारभार तिच्यातच चाललाय, लिंग-वचनाची कसलीही पर्वा न करता. ही हिंदी कुणी कुणावर लादलेली नाही. ती बराकीत, बांधकामावर आणि अशा डब्यांत गरजेपोटी शिकलेली आहे. तिच्यावरून चाललेले वाद ऐकताना मला पुढे कधीतरी आइता आणि हवालदार यांचं बोलणं आठवेल, ज्यात प्रत्येक वाक्याला दोघंही चुकतात आणि दोघांनाही सगळं कळतं.

राजमहेंद्रीला रात्र झालेली आहे. गोदावरीच्या पुलावर गाडी चढते तशी डब्यात लगबग होते, तेलुगू बायका नाणी काढून ठेवतात आणि खिडकीतून अंधारात भिरकावतात. माझाही हात खिशात जातो. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली नदी इथे समुद्राजवळ येऊन पोचलीय, 1,465 किलोमीटरांपैकी बहुतेक वाट संपवून. एप्रिलमध्ये नाशिकला आणि पैठणखाली तिची काय अवस्था असते ते आपण जाणतो. इथे मात्र दिव्यांच्या उजेडात नुसतं पाणीच पाणी. वाटेत वर्धा-वैनगंगेपासून इंद्रावतीपर्यंत सगळ्यांनी भर घातलेली असते आणि खाली दवळेश्वरमला बंधारा तिला अडवून धरतो. मूळचा आर्थर कॉटननं 1852च्या सुमारास पुरा केलेला, आताचा नंतर बांधलेला. शेजारचा जुना हॅवलॉक पूल 1900 साली खुला झाला होता, 1997पासून त्यावरून गाड्या जात नाहीत. पोरगा विचारतो, "दादा, ये आपके तरफ से आता है?" हो म्हणताना मला उगीचच मालकी हक्क वाटतो. तो पुलाची लांबी नजरेनं मोजतो आणि ब्रह्मपुत्राच्या माणसाला शोभेल अशा उदारपणे म्हणतो, "ठीक है. बड़ा है."

काटपाडी पहाटे येतं, आणि आमच्या डब्यातून उतरणाऱ्यांतले निम्मे फाइली घेतलेले असतात. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज इथून जवळ. बंगाल आणि ईशान्येतून येणाऱ्या रुग्णांची तिथे इतकी ये-जा आहे, की इस्पितळाभोवतीच्या लॉजांवर बंगाली पाट्या आहेत आणि खाणावळींत माशाचं कालवण-भात मिळतो. हवालदार फलाटावर उतरून एका रिक्षावाल्याशी तमिळमध्ये घासाघीस करतात आणि भाडं ठरवून आजोबांना तीन-तीनदा बजावतात, की याहून एक रुपया जास्त द्यायचा नाही. आइता मला उरलेल्या सुपाऱ्यांतली एक देतात. मी ती खाणार नाही हे त्यांना ठाऊक आहे.

जोलारपेट, सेलम, ईरोड. भाजलेली तांबडी जमीन, ताडाची झाडं, गोपुरं. कोइंबतूर सोडल्यावर दोन्ही बाजूंना डोंगर येतात आणि मधे मोठी फट. पालघाटची खिंड. तापीच्या दक्षिणेपासून जो आपल्यासोबत असतो तो सह्याद्रीच हा, आणि त्याच्या सगळ्या लांबीत एवढी रुंद वाट एकच, तीसेक किलोमीटरांची. घाट नाही, बोगदे नाहीत, गाडी सरळ सपाटीनं पलीकडे जाते. पलीकडे गेल्या गेल्या हवा ओली होते. हवालदार पँट घडी करून ट्रंकेत ठेवतात आणि पांढरं मुंडू नेसून येतात. आसामातला माणूस संपतो, कोट्टयमचे चेट्टन बसलेले दिसतात. खिडकीशी पळंपोरी येते. केळ्याची गरमागरम भजी, एकेक हातभर. अबोल पोरगा स्वतः उठून विक्रेत्याला विचारतो, "एत्र?" विक्रेता मल्याळममध्ये आकडा सांगतो. तो काही कळत नाही, पण प्रश्न बरोबर विचारला याचाच त्याला आनंद.

थ्रिसूर गेलं की डब्यात पुन्हा दिब्रुगढसारखी गडबड सुरू होते. पोती बाकांखालून बाहेर येतात, कंगवे फिरतात, घरी फोन लागतात. आलुव्याला गाडी थांबते आणि सगळे दरवाजे एकदम ओसंडतात. आमच्याच डब्यातून नव्हे, पुढच्या-मागच्या सगळ्यांतून. इथून पेरुम्बावूर पंधराएक किलोमीटर. फलाटाबाहेर रिक्षावाले "पेरुम्बावूर, भाई, पेरुम्बावूर" करत उभे आहेत. केरळात या सगळ्यांना भाई म्हणतात, सरकारी कागदांत अतिथी कामगार. अतिथी हा शब्द छान आहे, पण अतिथीला खोलीत आठ जण झोपवत नाहीत, हे हवालदारांचं मत, आणि ते स्वतः मल्याळी आहेत. बादली आता हलकी झालीय. पोरगा ती डोक्यावर घेतो, गामोसा गळ्यात टाकतो, माझ्याकडे बघून "नाळे" म्हणतो, ळ अगदी नेमका, आणि मित्राचा हात धरून जिन्याकडे निघून जातो.

पुढे कोट्टयमला हवालदार उतरतात. तिरुवनंतपुरमनंतर डब्यात मी, दोन रेल्वे कर्मचारी आणि वाऱ्यावर फिरणाऱ्या लाडवाच्या कागदी पुड्या. कन्याकुमारीला मध्यरात्र उलटलेली असते. समुद्रातल्या शिळेवर विवेकानंदांचं स्मारक आहे. 1970मध्ये ते पुरं झालं ते अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या एकनाथ रानडे यांच्या खटपटीनं, देशभरातून रुपया-रुपयाची वर्गणी गोळा करून. त्या शिळेचं दर्शन घ्यायला मात्र या गाडीनं फारसं कुणी येत नाही. चार हजार किलोमीटरांची ही गाडी तिच्या माणसांपुरती आलुव्यालाच संपते.

तुम्हाला हा प्रवास करायचा असेल तर जरूर करा. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. वातानुकूलित डब्याच्या मोहात न पडता स्लीपरचंच तिकीट काढा, खालचा बाक मिळाला तर तो सोडायची तयारी ठेवा. फक्त बोहाग बिहूच्या आणि दुर्गापूजेच्या मागच्या-पुढच्या आठवड्यांत जाऊ नका. तेव्हा त्या जागा कामावर हजर व्हायचं असलेल्यांना लागतात.